नाभी, नाळ आणि बाळंतिणीची खोली

नर्मदेला नाभी आहे, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. अमरकंटकला उगम, भडोचच्या पुढे समुद्र, आणि या तेराशे किलोमीटरच्या वाटेवर साधारण मध्यावर मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातलं नेमावर. परिक्रमा करणारे या जागेला नर्मदेचं नाभिस्थान म्हणतात. नदीच्या पात्रात एक नाभिकुंडही दाखवतात. पलीकडच्या काठावर हंडिया, अलीकडे नेमावर, मधे निवांत, रुंद नर्मदामाई.

गेल्या हिवाळ्यात तिथं गेले ती खरं तर देऊळ पाहायला. परमारांच्या काळातलं सिद्धनाथाचं देऊळ नदीकाठी उभं आहे. आम्हा गोंयकारांना तांबडी सुर्लचा महादेव म्हणजे केवढा अभिमान! पण नेमावरचं शिखर पाहिलं आणि मान मागे टाकून बराच वेळ नुसती उभी राहिले. जवळच्या टेकाडावर आणखी एक देऊळ आहे, अर्धवटच राहिलेलं. गाव जुनं. अकराव्या शतकात अल्-बिरुनीनं धारहून दक्षिणेला जाणारी वाट सांगताना नर्मदेकाठचं ठिकाण म्हणून त्याचं नाव घेतलंय. पुढे होळकरांच्या राज्यात नेमावर नावाचा आख्खा जिल्हाच होता. देवळावर लिहायचं ते पुन्हा कधीतरी, कारण त्या दिवशी घाटावर उतरले आणि देऊळ बाजूलाच राहिलं.

घाटावर जलवा पूजन चाललं होतं. माळव्या-निमाडात बाळंतिणीला सोयर फिटल्यावर विहिरीवर किंवा नदीवर नेऊन पाण्याची पूजा करवतात. पिवळी ओढणी घेतलेली, विशीतली एक पोर, कडेवर बाळ घेतलेली तिची नणंद, गाणी म्हणणाऱ्या सात-आठ बायका. आणि चार पायऱ्या खाली, जरा अंतर राखून बसलेली एक म्हातारी. ती गावची दाई, असं कळलं. मी आपली गोव्याहून आलेली आगाऊ बाई, विचारलं, बाळंतपण कुठं झालं? सासूनं सांगितलं, अस्पतालमध्ये, सरकारी गाडीतून नेलं, सगळं छान झालं, छोरा झाला. म्हातारी म्हणाली, मी गेले होते सोबत, पण मला दारातच थांबवलं. बाळंतीण काहीच बोलली नाही. मी पैसे बाळाच्या मुठीत ठेवायला वाकले तेव्हा हळूच म्हणाली, "बहुत चिल्लाए."

कोण ओरडलं ते तिनं सांगितलं नाही. मला विचारावं लागलं नाही.

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी स्वतः एका दवाखान्यात (नाव सांगत नाही, तो मुद्दा नाही) त्या टेबलावर होते. पहिलं बाळंतपण, रात्रीची वेळ, आई बाहेर बाकड्यावर. कळ आली आणि माझ्या तोंडून किंकाळी फुटली. पायाशी उभ्या असलेल्या सिस्टर म्हणाल्या, "तेन्ना बरें दिसतालें न्हय? आतां कित्याक बोब मारता?" तेव्हा बरं वाटत होतं ना, मग आता का बोंबलतेस! आणि खोलीत दुसरं कोणीतरी हसलं. त्यानंतर मी ओरडले नाही. मुलगी सुखरूप झाली, मीही सुखरूप. सगळं छान झालं, असंच आम्हीही सगळ्यांना सांगितलं. ते वाक्य मी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. गंमत म्हणजे नंतर जेव्हा जेव्हा बायकांशी या विषयावर बोलले, मग ती सोलापूरची असो, बेळगावची असो की नागपूरची, प्रत्येकीच्या भाषेत तेच वाक्य तिनं तरी ऐकलं होतं किंवा तिच्या बहिणीनं. एखाद्या ओवीसारखं घरोघर पोचलेलं. त्या दिवसापासून डोक्यात प्रश्न बसला की हे वाक्य आलं कुठून? आपल्याकडे बाळंतिणीशी बोलायची रीत अशीच होती का?

रीत काय होती ते पाहायचं तर सगळ्यात जुना आधार चरकसंहितेचा. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात सूतिकागाराचं वर्णन आहे. खोली कशी असावी, तूप, तेल, मीठ, अग्नी, उखळ-मुसळ काय काय हाताशी ठेवावं, याची लांबलचक यादी. आणि त्या यादीतच बायका आहेत! ज्या स्वतः पुष्कळदा बाळंत झाल्या आहेत, जिव्हाळ्याच्या आहेत, स्वभावानंच मायाळू आहेत, ज्या खिन्न होत नाहीत आणि कष्टाला कंटाळत नाहीत, अशा बायका. कळा सुरू झाल्या की त्यांनी तिच्या भोवती बसायचं आणि तिला धीर येईल असं, पटेल असं बोलायचं. औषधासारखीच ही सूचना. पुढे एक चर्चा आहे. काहींचं मत असं की बाईला मुसळ देऊन धान्य कांडायला लावावं, म्हणजे सुटका लवकर होते. आत्रेय म्हणतात, छे! एवढे श्रम या वेळी घातक. आणि कळ नसताना जोर लावायला सांगू नये, तो जोर फुकट जातो आणि अपाय करतो. बाळ बाहेर येताना बायकांनी आनंदानं म्हणायचं की झालीस, झालीस मोकळी, धन्य मुलगा झाला! (मुलगाच, अर्थात. दोन हजार वर्षांत घाटावरच्या सासूपर्यंत एवढं मात्र टिकलं.) त्या आनंदाच्या शब्दांनी तिच्या प्राणांना उभारी येते, असं कारणही दिलंय.

पण पोथीत लिहिलंय म्हणून घरोघर तसंच चालायचं, असं समजायचं कारण नाही. पणजीला 1842 सालापासून पोर्तुगिजांची वैद्यकशाळा होती, तरी आमच्या गावात माझ्या आजीच्या काळापर्यंत वोयजीणच होती. आजी सांगायची, माजघराच्या मागची अंधारी खोली, आढ्याला बांधलेला दोर, दोराला धरून उकिडवं बसायचं, पाठीशी आत्या घट्ट धरून. शब्द गोड असत, असं आजी सांगायची. पण त्याच खोलीला खिडकी नसायची, हातपाय धुवायचं कोणाच्या ध्यानी नसायचं, आणि आजीची थोरली जाऊ त्याच खोलीत तिसऱ्या दिवशी तापानं गेली. आणि ती वोयजीण? जिनं बाळ पहिल्यांदा हातात घेतलं, तिला नंतर दहा दिवस सोपा ओलांडू देत नसत. विटाळ. माळव्यातही नाळ कापायचं काम अस्पृश्य मानलेल्या जातींच्या बायकांकडे असायचं. नेमावरची ती म्हातारी चार पायऱ्या खाली का बसली होती, ते मला विचारायचं सुचलं नाही. सवय.

म्हणजे खोलीत माया होती, पण त्या खोलीलाच लाज चिकटलेली होती. रक्ताची लाज, विटाळाची लाज. कल्याणच्या आनंदीबाई जोशींनी याच खोलीत वयाच्या चौदाव्या वर्षी दहा दिवसांचं बाळ गमावलं. 1883 साली अमेरिकेला निघण्याआधी श्रीरामपूरच्या सभेत (हे बंगालमधलं श्रीरामपूर, नगरचं नव्हे) त्यांनी सांगितलं की हिंदुस्थानात हिंदू स्त्री-डॉक्टरांची गरज आहे आणि म्हणून मी जाते आहे. 1886 मध्ये फिलाडेल्फियाला पदवी घेताना त्यांचा प्रबंध होता तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. या जुन्या ग्रंथांवरच! 1887 च्या फेब्रुवारीत त्या गेल्या, बाविसावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. एकाही बाईला आपल्या दवाखान्यात त्यांना तपासता आलं नाही.

आता ज्या घरापाशी मला जरा थांबायचंय ते पुण्याचं.

बाळंतपणासाठी घराबाहेरची जागा, जिथं विधवा बाई येऊ शकेल, अशी जागा आपल्याकडे पहिल्यांदा कुणी काढली? माझ्या माहितीत तरी कुठल्या डॉक्टरनं नाही. जोतीराव फुल्यांनी काढली, आपल्याच घराच्या आवारात. त्यामागची हकीकत त्यांनीच 4 डिसेंबर 1884 च्या एका इंग्रजी टिपणात लिहून ठेवली आहे. बेहरामजी मलबारींनी सक्तीच्या वैधव्यावर मतं मागवली होती, त्याला दिलेलं ते उत्तर. फुल्यांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याकडे काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्यानं तिला फसवलं. दिवस राहिले. गर्भ पाडण्याचे सगळे उपाय करून झाले, ते फसले. मुलगा झाला. तिनं तो मारला आणि घरामागच्या विहिरीत टाकला. खटला होऊन तिला जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शास्त्र्याचं काय झालं? काही नाही.

खटला संपल्याबरोबर आपल्याला हे घर काढणं भाग पडलं, असं फुले लिहितात. चरित्रकार 1863 साल देतात. आणि मग छापील कागद ब्राह्मण वस्तीतल्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर, भिंतींवर चिकटवले गेले. त्यांचा आशय असा की विधवांनो, इथं येऊन गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हा. मूल न्यायचं की ठेवायचं, ते तुमच्या मर्जीवर. ठेवलंत तर आम्ही सांभाळू.

मी या जाहिरातीबद्दल शाळेत असताना वाचलं तेव्हा ते ‘समाजकार्य’ वाटलं होतं. परीक्षेत दोन गुणांना यायचं. आता वाचते तेव्हा त्यात काय नाही तेच आधी दिसतं. कोण, कुठली, कुणाचं मूल, कसं झालं, हे प्रश्नच नाहीत. पश्चात्तापाची अट नाही. मूल टाकून जाईन म्हणणारीला उपदेश नाही, घेऊन जाईन म्हणणारीला टोमणा नाही. त्या काळच्या पुण्यात विधवेचं गरोदरपण म्हणजे लाजेचा कळस. आणि या घराच्या दारात तिला ती लाज दाखवावी लागत नव्हती! घर सावित्रीबाईंनी सांभाळलं. माळ्याच्या घरात ब्राह्मण विधवा बाळंत होत होत्या, याचा अर्थ ज्यांना कळायचा त्यांना कळला असेलच.

आणि तरीही आकडे वाचताना घसा दाटतो. त्या टिपणातच आहेत ते. सुरुवातीपासून तोवर पस्तीस विधवा आल्या, बाळंत झाल्या. मुलांपैकी पाच जगली, तीस गेली. आयांनी आधीच गर्भ लपवण्यासाठी जी जहाल औषधं घेतली असतील, त्यानं गर्भातच इजा झाली होती, असं फुले म्हणतात. म्हणजे घर उशिरा सापडलं. लाजेनं आधीच आपलं काम केलं होतं. त्या घरात औषधं काय होती, कोणती उपकरणं होती? फारशी नसणारच. 1863 साली जंतू ही गोष्ट युरोपातल्या डॉक्टरांनासुद्धा नीट पटलेली नव्हती. म्हणजे जीव वाचवायची साधनं थोडी, पण माणूस म्हणून वागवणं पूर्ण. आजच्या दवाखान्यांचं नेमकं उलटं. (घाईनं लिहिलेलं हे वाक्य पुन्हा वाचलं. थोडं अन्यायाचं आहे, पण ठेवते.)

1874 मध्ये याच घरात आलेल्या आणखी एका काशीबाईचा मुलगा फुले दांपत्यानं दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला, आणि 1897 च्या प्लेगात त्याच्याच दवाखान्यात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या. पंढरपूरलाही 1875 साली असंच बालहत्या प्रतिबंधक गृह निघालं. एवढं झालं, पण त्या वाटेनं मोठी दवाखान्यांची परंपरा काही उभी राहिली नाही.

ती उभी राहिली दुसऱ्याच वाटेनं, आणि तिचा धागा पुन्हा मध्य भारतात येतो. पन्ना संस्थानच्या राणीवर उपचार करून परतणाऱ्या एलिझाबेथ बीलबी या मिशनरी बाईंबरोबर राणीनं 1881 साली थेट व्हिक्टोरिया राणीला निरोप पाठवला, की इथल्या बायका दुखण्यात डॉक्टरावाचून किती सोसतात ते महाराणीला सांग. चिठ्ठी इतकी बारीक लिहून घेतली म्हणे की ती लॉकेटात मावावी. त्यातून पुढे 1885 चा डफरिन फंड, आणि गावोगावची जनाना इस्पितळं. पवारांच्या धारमध्ये 1890 च्या दशकात मार्गारेट ओहारा नावाची कॅनडाची डॉक्टर बाई येऊन राहिली आणि तिनं दवाखाना चालवला. 1927 पर्यंत ती मध्य भारतात होती. या मंडळींनी किती बायका वाचवल्या याला गणती नाही, आणि त्यांचे उपकार विसरून चालणार नाही. पण त्यांच्या योजनेचा पाया होता पडदा. पुरुषाची नजर पडू नये, एवढ्यावर सगळा भर. पडद्याआड बाईशी कोण कसं बोलतं, हा कुणाच्या चिंतेचा विषय नव्हता. लाज झाकली गेली. ती मागितली जाऊ नये, हे कुणाला सुचलं नाही.

नेमावरहून मी देवासला गेले. दोन संस्थानांचं शहर, थोरली पाती आणि धाकटी पाती. आपल्या मराठी माणसांना मात्र देवास म्हणजे कुमार गंधर्व. टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं ‘भानुकुल’. 1961 साली दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी कुमारजींच्या पत्नी भानुमतीबाई गेल्या, त्यांच्याच नावाचं हे घर. फाटकापाशी मी दोन मिनिटं थांबले. इतक्या सुरांच्या घरावरही बाळंतपणाची सावली पडून गेलेली.

उतरले होते बाबांच्या एका मित्राच्या घरी. मित्र आता नाहीत, काकू आहेत. काकू माळव्यातल्या एका सरकारी दवाखान्यात पस्तीस वर्षं नर्स होत्या, त्यातली निम्मी लेबररूममध्ये. रात्री जेवणं झाल्यावर मी त्यांना घाटावरचं सांगितलं, आणि मग, कधी नव्हे ते, माझंही. ते वाक्य शब्दशः सांगितलं. काकू सुपारी कातरत होत्या. अडकित्ता थांबला.

"मीही म्हटलंय ते," त्या म्हणाल्या.

मला काय बोलावं कळेना.

"एकदा नाही. खूपदा. मला माझ्या सीनिअर सिस्टरनं शिकवलं होतं, रागावलं की बाई जोर लावते, लाडावलं की ढिली पडते. ते खरंच वाटायचं गं. आणि पैशांची योजना आली तेव्हापासून तर काय सांगू. एक टेबल रिकामं होत नाही तर दुसरी दारात. आम्ही दोघी. डॉक्टर फोनवर. खाली गादी टाकून त्यावर बायका. तू लिहून राहिली ना, मग हेही लिही. ओरडणारी बाई वाईट नसते, थकलेली असते. पण..." आणि त्या पुन्हा सुपारी कातरू लागल्या. जरा वेळानं म्हणाल्या, "पण थकलेली मी घरीही यायची. घरी सासूशी नव्हती बोलत तशी. तिथं बोलायची, कारण तिथं चालायचं."

काकूंच्या या शेवटच्या वाक्यापुढे मी वाचलेले अहवाल फिके आहेत. पण आकडे द्यायला हवेत, कारण काकू म्हणतात ती गर्दी कल्पनेतली नाही. 2005 साली जननी सुरक्षा योजना आली. मध्य प्रदेशात खेड्यातल्या बाईनं दवाखान्यात बाळंत व्हायचं ठरवलं की तिला 1400 रुपये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे 2005-06 मध्ये त्या राज्यात शंभरातली सव्वीस बाळंतपणं दवाखान्यात होत होती, 2015-16 मध्ये एक्क्याऐंशी, आणि 2019-21 मध्ये जवळजवळ एक्क्याण्णव. पंधरा वर्षांत अख्खं राज्य अंधाऱ्या खोलीतून उठून लेबररूममध्ये आलं! यामुळे जीव वाचले हे निःसंशय. पण खोल्या, टेबलं, नर्सा त्या मानानं वाढल्या नाहीत. नेमावरच्या खाली नर्मदेकाठीच असलेल्या बडवानी जिल्ह्यात 2010 साली काही महिन्यांत जिल्हा रुग्णालयात दोन डझनांहून जास्त बाया बाळंतपणात दगावल्या, तेव्हा आदिवासी रस्त्यावर उतरले. संदेश बन्सल यांच्या जनहित याचिकेवर 2012 साली मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठानं सांगितलं की गरोदरपणातून आणि बाळंतपणातून जिवंत बाहेर पडणं हा बाईच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे. जिवंत बाहेर पडणं. त्यापुढची पायरी, म्हणजे अपमान न होता बाहेर पडणं, तिला कागदावर यायला आणखी काही वर्षं लागली.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2014 मध्ये निवेदन काढलं की दवाखान्यातल्या बाळंतपणात शिवीगाळ, मारणं, न विचारता कापाकापी, उघडं टाकणं हे सगळं थांबलं पाहिजे. म्हणजे हे जगभर आहे, आपलीच मक्तेदारी नाही. 2016 च्या फेब्रुवारीत आपल्या आरोग्य मंत्रालयानं सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीजवळ एक सोबतीण असू द्यावी असं कळवलं. 2017 च्या डिसेंबरात लेबररूम सुधारण्यासाठी ‘लक्ष्य’ हा कार्यक्रम आला. त्यात पडदे आहेत, सोबतीण आहे, बाईला सोयीचं वाटेल तसं बसू-निजू द्यावं असंही आहे. दिल्लीचं परिपत्रक वाचताना मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. सोबतीण हवी, ती बाळंतपण अनुभवलेली असली तर बरी, धीर देणारी असावी... अहो, ही तर चरकाची यादी! आणि उकिडवं बसणं म्हणजे आजीचा आढ्याचा दोर. फक्त या वेळी खोलीला खिडकी आहे आणि हात धुतलेले आहेत.

कागद सोडून प्रत्यक्ष कुणी केलं का? केलं. आपल्याच गडचिरोलीत. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गोंड माणसांना विचारलं होतं, तुम्ही दवाखान्यात का येत नाही? उत्तरं ऐकण्यासारखी आहेत. मोठ्या इमारतीत जीव घाबरतो. पांढरे कपडे घातलेली माणसं पाहून मढ्यावरचं पांढरं कापड आठवतं. सोबतच्यांना राहू देत नाहीत. आणि तिथं आमचा देव नसतो. मग शोधग्रामचा दवाखाना त्यांच्या घरांसारखा झोपड्याझोपड्यांचा बांधला, नातेवाईक राहू शकतील असा, आणि त्याला नाव दिलं माँ दंतेश्वरीचं. आधी विचारलं, मग बांधलं. पुण्याच्या त्या भिंतीवरच्या कागदाची मला इथं आठवण होते. फुल्यांनी काही विचारलं नाही आणि बंगांनी विचारलं, पण दोन्हींत बाईनं दारातच लहान व्हावं अशी अट नव्हती.

दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी काकूंना मी खरं कारण सांगितलं. माझी मुलगी, तीच, त्या रात्री जन्मलेली, मडगावला असते आणि तिला सातवा महिना लागला होता. तिनं विचारलं होतं, "आई, आत एकीला सोडतात म्हणे. तू येशील ना?" मी हो म्हटलं होतं, आणि तेव्हापासून मला झोप नव्हती. मला त्या खोलीची भीती वाटत होती.

काकूंनी डिंकाच्या लाडवांचा डबा कागदात गुंडाळला, वर दोरी बांधली. मग मला समोर बसवलं.

"डोक्याशी उभी राहा. पायाशी अजिबात जाऊ नको, तिकडे आमचं काम असतं. पाणी थेंबथेंब दे. घड्याळाकडे बघू नको, ती तुझ्या डोळ्यांत बघत असते. तिचा हात धरू नको. तुझा हात दे, तिला धरू दे. बोटं मोडतील असं वाटेल. मोडत नाहीत."

"आणि सिस्टर काही बोलल्या तर?"

"आधी तिचं नाव विचार. सुरुवातीलाच, चहा-पाणी विचारतो तसं. मला पस्तीस वर्षांत कुणी नाव विचारलं नाही." मग गाडीत डबा ठेवता ठेवता म्हणाल्या, "तुझ्या त्या सिस्टरचं नाव काय होतं गं?"

मला माहीत नव्हतं.